बोटभर फट

वरव्याच्या सावळारामानं मोटार आणली तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी तिला मोटार म्हणायला साफ नकार दिला. भाटघरच्या धरणाच्या कामावर कुणा ठेकेदाराची ती होती. काम संपलं, ठेकेदार आपल्या वाटेनं गेला आणि गाडी माळावर तशीच पडून राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, पोरांनी तिचा भोंगा वाजवून वाजवून मोडला. पुढं दोन माणसांपुरती पत्र्याची खोली आणि मागं माल भरायला उघडा हौदा, अशी तिची ठेवण. खोलीचे पत्रे मात्र वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे, एकाला दुसरा लागून बसायला तयार नव्हता. छपराचा पाठीशी मेळ नव्हता, दाराचा चौकटीशी नव्हता. डाव्या दाराची काच फुटलेली म्हणून तिथं घासलेटचा डबा उलगडून ठोकला होता, आणि उजव्या दाराची काच एकदा वर चढली ती पुन्हा खाली उतरलीच नव्हती.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल सगळं फौजेकडं चाललेलं. मग कापूरहोळच्या गेनबा मिस्त्रीनं हौद्यात, खोलीच्या पाठीला लागून, न्हाणीतल्या बंबासारखी एक उंच भट्टी उभी केली. तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवून फुलवायचा आणि कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणारा गॅस नळातून इंजिनाला पाजायचा. हा नळ बसायच्या फळीखालून पुढं गेला होता. गाडी चालायची. चढाला पायी माणसाइतकीच चालायची, पण चालायची. सावळा वेल्ह्याकडून हिरडा आणि कोळसा भरून कापूरहोळला आणून टाकू लागला. ज्या शहाण्यांनी नाकं मुरडली होती, तेच आता हौद्यात ऐसपैस बसून नसरापूरच्या बाजाराला जाऊ लागले. अशा लोकांना काय म्हणावं!

सावळ्याची बायको चंद्रा. बायको म्हटलं खरं, पण दुसरी. पहिली सोजरा वारली होती, आणि त्या घरात दुसरेपणावर आलेल्या बाईला पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागे. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो नुसता घालून भागत नसे. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग अंगावर घ्यायचं. सणाचा पहिला घास टाकाला, मग आपल्या तोंडात. चंद्रा गुणाची होती, कामाला वाघ होती, पण मनानं तिखट. मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, हे तिचं मोठं दुःख होतं. सोजरा जिवंत असती तर चंद्रानं तिला कधीच सरळ केली असती.

सोजराला तिनं पाहिलेलंही नव्हतं. थोरली पेवात गेली, एवढंच तिला सांगितलं होतं. चंद्राचं माहेर धरणाच्या पाण्याकाठचं, भाताचं. तिकडं धान्य कणगीत ठेवतात. पेव म्हणजे माळाच्या मुरमात खणलेला, ज्वारी साठवायचा खोल खड्डा, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, हे तिला नुसतं ऐकून माहीत. सोजरा गेली त्या दिवशीच त्या पेवाचं तोंड पुन्हा बुजवलं होतं आणि त्याचं नाव घरात कुणी काढत नसे.

तिची एक खूण मात्र घरात होती. कोपऱ्यातल्या मोठ्या कणगीला शेणामातीचं लिंपण सोजरानं केलेलं होतं. पुढची बाजू चंद्रानं नव्यानं लिंपून घेतली होती. पण भिंतीकडची, जिथं हात जेमतेम पोचे, ती बाजू तशीच होती, आणि तिथं थोरलीची बोटं उमटलेली होती. चार ओळी. त्यांतली पहिल्या बोटाची आखूड आणि बोथट. सावळ्याची आई धोंडाबाई एकदा सहज म्हणाली होती, "सोजराचं बोट इळीवर तुटलं व्हतं. पेरच उडालं. नख न्हवतं त्या बोटाला." चंद्रानं ऐकलं आणि सोडून दिलं.

पौषात गारठा पडला, आणि तेव्हापासून सावळ्याची तब्येत उतरू लागली. घरी आला की डोकं धरून बसे. एका संध्याकाळी चंद्रानं भाकरी पुढं ठेवली तर त्यानं ताट बाजूला सारलं.

"डोकं लई ठनकतंय," तो म्हणाला. "मळमळतंय बी."

"गारठा बाधलाय तुमाला. त्या डबड्याच्या फटींतनं वारा येतो सारा."

"वारा येतो तेच बरं वाटतं गं." सावळ्यानं आईकडं पाहिलं, मग चुलीतल्या जाळाकडं पाहत म्हणाला, "सांगू न्हाई आसं वाटतं, पर मार्गासनीच्या फुडं चढ लागला, की शेजारी कुनीतरी बसल्यालं आसतं."

"कोन?"

"सोजरा."

धोंडाबाईचा पिठातला हात तिथंच थांबला.

"बोलती?" चंद्रानं विचारलं. आपला आवाज तिला परक्याचा वाटला.

"न्हाई. नुसती पदरानं माज्या तोंडावर वारा घालती. मला झापड आली की जोरात घालती."

अशा वेळी माणसानं आधी घाबरावं. चंद्रा आधी चिडली आणि मग घाबरली. पदरानं वारा घालणं हे काय मेलेल्या बाईचं काम आहे? दमून आलेला नवरा जेवायला बसला की बायको घालते तो वारा. लुगडं तुझ्यानंतर नेसते, घास तुझ्यानंतर खाते, आणि आता हेही तूच करणार का? मग रात्रभर ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. थोरली त्याला न्यायला आली आहे, थोडा थोडा करून नेते आहे, हे चंद्राच्या मनानं घेतलं आणि ते काही केल्या निघेना. आणि ती आत शिरते कुठून? वारा शिरतो तिथूनच. फटी बुजवायच्या, एकही ठेवायची नाही, असं चंद्रानं ठरवून टाकलं.

पहिल्यांदा तिनं जे येत होतं ते केलं. कणगी लिंपावी तशी शेणमाती कालवून तिनं मोटारीच्या खोलीला आतून-बाहेरून लिंपून काढलं. लिंपण सुरेख झालं. पण शेणमातीला कूड हवा, पत्रा तिला धरत नाही. नसरापूर येईपर्यंत सगळं लिंपण सावळ्याच्या मांडीवर आणि मुंडाशावर येऊन पडलं. बाजारातली माणसं त्याला पाहून पोट धरून हसली. सावळा स्वतःही हसला. चंद्रा मात्र हसली नाही.

मग तिनं भोरहून खडूची भुकटी आणि जवसाचं तेल आणवलं. सुतार चौकटीच्या खाचा भरतात ती लांबी अशीच मळतात, कणकेसारखी, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. आधी विटेच्या तुकड्यानं पत्र्याच्या कडांचा गंज खरवडला, कडा पुसून कोरड्या केल्या, मग अंगठ्यानं लांबी दाबत दाबत ती एकेका सांध्यावरून गेली आणि वरून तेलाचं बोट फिरवून गुळगुळीत केली. छपराचा सांधा भरला, पाठीचा भरला, दोन्ही कोपरे भरले. दुपारभर अंगणात उन्हात उभी राहून तिनं हे केलं. अशी लांबी बरेच दिवस मऊ राहते, हे तिला ठाऊक होतं. चालायचं.

दुसऱ्या दिवशी सावळा परत आला तो हसत आला. डोकं दुखत नव्हतं. भाकरी मागून घेऊन खाल्ली. चंद्राच्या जिवाला बरं वाटलं आणि ती मोटारीकडं गेली, आपलं काम टिकलंय का बघायला.

पाठीच्या सांध्यावर, चालवणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला, लांबीत भोकं पडली होती. एक नाही, ओळीनं बरीच. ती आतून बाहेर पाडलेली होती, कारण लांबी बाहेरच्या अंगाला फुगून आली होती. चंद्रानं आपलं बोट घालून पाहिलं. तिच्या बोटानं लांबीत नखाची कोर उमटली. त्या भोकांच्या कडेला मात्र नखाची खूण कुठंच नव्हती. नुसता बोथट, गोल दाब.

ती घरात गेली. दिवा घेतला, कणगी आणि भिंतीच्या मधल्या सांदीत डोकं घातलं आणि पाहिलं. पहिल्या बोटाची ओळ. आखूड, बोथट, बिननखाची. दिव्याचं तेल हातावर सांडलं तरी तिला ते समजलं नाही.

"फटीतली लांबी तुमी काडली?" तिनं सावळ्याला विचारलं.

"मी कशाला काडू? मला वाटलं, तूच जागा सोडलीस. बरं झालं आज, मोकळं वाटलं."

मोकळं वाटलं! भेट झाली म्हणून मोकळं वाटलं, असा चंद्रानं अर्थ घेतला. आज तो हसत आला तो याचसाठी. माणसाच्या मनात एकदा सवत शिरली, की त्याला समोरचं सरळ दिसेनासं होतं. ज्या दिवशी भोकं पडली त्याच दिवशी नवरा धड खाऊनपिऊन झोपला, ही गोष्ट तिच्या डोळ्यांपुढं होती आणि तिला दिसली नाही.

ती माहेरी गेली. तिचा बाप रखमाजी धरणाच्या पाण्यावर नाव चालवायचा. नावेच्या फळ्यांच्या सांध्यात काथ्या ठोकून वर राळ आणि तेल कढवून ओततात. ते थंड झालं की दगड होतं, तिथून पाण्याचा थेंब आत येत नाही. बापानं विचारलं, "मोटार काय पान्यात घालायची हाय का?" राळेचं गाठोडं आणि काथ्याची जुडी डोक्यावर घेऊन ती परत आली.

सावळा त्या दिवशी घरीच होता, खाटेवर पडून होता. चंद्रानं अंगणात तीन दगडांवर मडकं ठेवलं, राळ कढवली. काथ्याचे पीळ करून लाकडी छिन्नीनं सांध्यात ठोकले, वर ऊन ऊन राळ भरली. दारांच्या कडांना घोंगडीच्या पट्ट्या राळेत बुडवून चिकटवल्या. फळीखालचा नळ तिनं पाहिला, पण तो तर आतल्या आत होता, बाहेरून कुणी तिथून येण्यातलं नव्हतं. म्हणून तो सोडला.

ऊन कलायच्या आत काम झालं. तेव्हा तिनं एक केलं. खोलीत बसून दार ओढून घेतलं, सांध्यांतून कुठं उजेड येतो का ते पाहायला. काचा सोडल्या तर उजेड कुठूनच आला नाही. अंगणात कोंबडी ओरडत होती, ती एकदम गप्प झाल्यासारखी झाली. गावाचा, गुरांचा, चुलीचा, कशाचाच आवाज येईना. तिला आपला श्वास ऐकू येऊ लागला. आणि मग तिच्या उजव्या गालावरून वारा गेला.

बारीक होता. पुन्हा आला. थांबून थांबून येणारा, हातानं घातलेला वारा. त्याला सुती लुगड्याचा, धुतलेल्या पदराचा वास होता.

चंद्रा दार ढकलून बाहेर पडली आणि भट्टीला धरून उभी राहिली. एकही फट शिल्लक नाही, मग ही आली कुठून? छातीवर काहीतरी गार लागत होतं. टाक. तो तिच्या गळ्यातच होता. आपणच हिला अंगावर वागवतो आणि दारं कसली लावतो! तिनं दोरा तोडला. टाक नेऊन कणगीत, खांद्यापर्यंत हात घालून, धान्याच्या पार तळाशी पुरला.

"गळा मोकळा का गं?" रात्री धोंडाबाईनं विचारलं.

"दोरा तुटला आत्याबाई. ववायचाय."

सकाळी सावळा निघाला. भट्टी पेटवली, पंखा फिरवला, आत बसून दार ओढलं. घोंगडीच्या पट्ट्या चेपल्या आणि दार घट्ट बसलं. काचेआडून त्याचं तोंड हललं. चंद्राला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं दार पुन्हा रेटून उघडलं.

"आत कोंडल्यावानी वाटतंय गं," तो म्हणाला.

"ऊब हाय ती. तुमास्नी सवय न्हाई."

सावळा भला माणूस. बायकोनं एवढे हात भाजून घेतलेत हे त्याला दिसत होतं. त्यानं मान डोलावली आणि दार लावून घेतलं. मोटार खोकत वेशीबाहेर गेली. चंद्रा तिच्याकडं बघत उभी राहिली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा तिचा एकटीचा झाला होता, आणि तिला आनंद झाला होता. हे लपवण्यात अर्थ नाही, तिला फार आनंद झाला होता.

कणगीतलं धान्य तोवर तळाला लागत आलं होतं. दुकानात ज्वारी मिळेना, म्हणून त्याच दिवशी पेव उघडायचं धोंडाबाईनं आधीच ठरवलं होतं. शेजारचा सोनबा पहार घेऊन आला. तिघं माळावर गेली. सोनबानं वरची माती काढली, लिंपण फोडलं, तोंडावरची फरशी सरकवली. आतून कुजकट ऊब आली. चंद्रा पुढं होऊन डोकावणार, तेवढ्यात धोंडाबाईनं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"जाऊ नगंस! आधी दिवा."

तिनं कंदील पेटवला, दोरीला बांधला, पेवात सोडला. हातभर खाली गेला आणि ज्योत बारीक झाली. अजून थोडा गेला आणि विझला. वारा नव्हता, पाणी नव्हतं. कुणी फुंकर घातल्यासारखा नाही, झोप लागल्यासारखा विझला.

"बगितलंस?" धोंडाबाई म्हणाली. "कोंडलं की हवा मरती. पाव्हनं आलं व्हतं, ज्वारी पायजे व्हती, सोजरा दम न काडता उतरली. दिव्यासारकीच ग्येली बग."

"वरडल्या न्हाईत?"

"वरडाया कळाया तर पायजे! माजा भाऊ आसाच पेवातनं वाचला व्हता, त्यो सांगायचा. आधी डोकं ठनकतं. मळमळतं. मंग झापड येती आनि भलतंच दिसाया लागतं. बरं वाटतं म्हनं. आनि मानूस झोपतो." म्हातारीनं डोळे पुसले. "पर सोजराला मरताना कळलं आसंल. हितं बग."

पेवाच्या गळ्याशी, मुरमात, उन्हाचा कवडसा पडला होता. तिथं बोटांच्या ओरखड्यांच्या ओळी होत्या, खालून वर आलेल्या. चार ओळी. पहिली आखूड आणि बोथट.

"वर हात करून, बोटं रुतवून हुबी व्हती," धोंडाबाई म्हणाली. "कोळशाचं बी आसंच आसतंय. म्हनून कोंडल्या खोलीत म्या शेगडी ठिवू देत न्हाई."

डोकं ठणकतं, मळमळतं, झापड येते. चंद्राच्या कानात सावळ्याचा आवाज घुमू लागला. फळीखालून गेलेला नळ तिला दिसला. पाठीला टेकलेली, निखाऱ्यांनी भरलेली भट्टी दिसली. आणि पदर दिसला, 'मला झापड आली की जोरात घालती' म्हणाला होता तो. थोरली त्याला न्यायला येत नव्हती. जिला हवेवाचून मरावं लागलं, ती रोज त्याच्या तोंडावर हवा घालत होती. फटी तिनं उघडल्या होत्या. बंद आपण केल्या.

चंद्राच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सोनबाच्या हातची पहार पडली. ती उचलून चंद्रा रस्त्याकडं धावत सुटली. काय झालंय हे न कळता सोनबा तिच्यामागं धावला. ठेचा लागत होत्या, पदर कुठं होता याची शुद्ध नव्हती. नसरापुरात एका दुकानदारानं सांगितलं, मोटार मागच्या खेपेची कोळशाची पोती उतरवून आत्ताच गेली, वेल्ह्याच्या रस्त्यानं. "सावळा लई पेंगुळल्याला दिसला," असंही तो वर म्हणाला.

गावाबाहेरच्या ओढ्यापलीकडच्या चढाला मोटार उभी होती. एका करंजाच्या झाडाला नाक टेकून उभी होती, आणि इंजिन अजून चालू होतं. भरदुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढच्या काचेवर आतून दमट धूसर थर धरला होता, आणि त्या थरावर, काच पुसावी तसे हाताचे फराटे होते.

चंद्रानं दार ओढलं. राळ धरून घोंगडी चौकटीला पक्की चिकटली होती. तिनं पहार फिरवली आणि काच फोडली. आतला जड, गोडसर धूर तिच्या तोंडावर आला. सोनबानं हात आत घालून दार खांद्यानं उचकटलं, भट्टीची तोटी बंद केली.

सावळा फळीवर आडवा होता. माणूस चालवता चालवता कोसळला तर चाकावर कोसळतो, पुढं. हा मागं वळवून, पाठीच्या पत्र्याकडं तोंड करून निजवलेला होता. मुंडासं सोडून, घडी करून, मानेखाली घातलेलं होतं. आणि त्याचं तोंड पत्र्याच्या सांध्याला लागलेलं होतं, जिथं दगडासारख्या राळेत, काथ्याच्या पिळातून आरपार, एक बोटभर भोक होतं. त्या भोकातून त्याचा श्वास जात-येत होता. अगदी बारीक, पण होता. त्याच्या छातीवर राळेचे तुकडे पडले होते.

पुढं सोनबानं त्याच राळेवर पहार मारून पाहिली तेव्हा तिचा टवकाही निघाला नाही.

दोघांनी त्याला गवतावर ओढून काढलं. चंद्रा त्याच्याशेजारी बसली, आणि दुसरं काय करावं हे न सुचून पदरानं त्याच्या तोंडावर वारा घालू लागली. बराच वेळ घालत होती. मग त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"सोजरा," तो म्हणाला. "हितं कशी गं तू?"

धुरानं भ्रम झालाय, उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. तो उतरला नाही. भोरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डोक्याला हवा कमी पडली, जगला हेच नशीब समजा. सावळा चालू लागला, जेवू लागला, आईला ओळखू लागला, बैलाला नावानं हाक मारू लागला. फक्त मधली वर्षं त्याच्या डोक्यातून पुसून गेली होती. पेव त्याला आठवत नव्हतं. चंद्राशी झालेलं लग्न आठवत नव्हतं. घरात वावरणारी बाई ही त्याच्या लेखी सोजरा होती.

"म्या चंद्रा हाय," तिनं एकदा स्पष्ट सांगितलं.

"कोन चंद्रा?" त्यानं विचारलं, पाहुण्या बाईला विचारावं तसं, अदबीनं. मग त्याची नजर घरभर फिरू लागली. "आनि सोजरा कुठं हाय? आये, सोजरा कुठं ग्येली?" त्याचा श्वास वर चढला, ओठ निळे पडले, आणि धोंडाबाईनं धावत येऊन त्याला धरला. तेव्हापासून कुणी त्याला ते सांगितलं नाही. पण चंद्रा त्या नावाला ओ द्यायची नाही. पाणी नेऊन द्यायची, ताट नेऊन द्यायची, ओ मात्र द्यायची नाही. तेवढं एक तिनं आपलं म्हणून धरून ठेवलं होतं.

मोटार मागच्या अंगाला तशीच उभी राहिली. चंद्रानं छिन्नी घेऊन सगळी राळ टवक्याटवक्यानं काढली. तिला ती निघत होती. ते एक भोक तिनं तेवढं तसंच ठेवलं.

उन्हाळा लागला तेव्हा ती कणगी लिंपायला बसली. धान्य संपलं होतं. तळ झाडताना हाताला टाक लागला. तिनं तो धुतला, नवा दोरा ओवला, गळ्यात बांधला. मग पुढची बाजू लिंपली. भिंतीकडच्या बाजूला तिनं हात लावला नाही.

"सोजरा," ओसरीवरून सावळ्यानं हाक मारली. "तान लागलीया गं."

चंद्राचा हात लिंपणावर थांबला. धोंडाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडं नेली.

"सोजरा?" आता त्या आवाजात भीती होती. श्वास अडू लागला होता.

चंद्राच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. शेणाचे हात धुतले. तांब्या भरून घेतला, पाण्याचा एक थेंब बोटानं गळ्यातल्या टाकाला लावला.

"आले," ती म्हणाली, आणि पाणी घेऊन बाहेर गेली.